रक्तात न उतरणारं औषध

औषध घेताना गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं: "हे रक्तात भिनायला किती वेळ लागेल?" बहुतेक औषधांसाठी माझ्याकडे उत्तर असतं. कोलेस्टिरामाइनसाठी नाही, कारण ते रक्तात भिनतच नाही. तोंडावाटे गेलेली पावडर आतड्यातून न पचता पुढे सरकते आणि जशी आली तशी बाहेर जाते. तरीही रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं. साताऱ्यात औषधांच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं. आता दुकान मुलगा बघतो आणि मी संध्याकाळी गल्ल्यावर बसतो. इतक्या वर्षांत मनात घर केलेली मोजकी औषधं आहेत, त्यांत ही पावडर बरीच वर आहे. विकली मात्र फारच थोडी.

ती समजायची तर आधी पित्त समजलं पाहिजे. आमच्या काउंटरवर पित्त म्हणजे छातीतली जळजळ, नाहीतर अंगावर उठलेल्या गांधी. इथे विषय त्या पित्ताचा नाही. यकृत रोज हिरवट-पिवळा पित्तरस तयार करतं, तो पित्ताशयात साठतो आणि जेवल्यावर आतड्यात सुटतो. त्यातली पित्ताम्लं साबणासारखं काम करतात: तूप-तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात मिसळतील असं बघतात, म्हणून स्निग्ध पदार्थ पचतात. आणि ही पित्ताम्लं यकृत बनवतं कशापासून? कोलेस्टेरॉलपासून.

आता शरीराची काटकसर बघा. एकदा वापरलेली पित्ताम्लं ते फेकून देत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतली सुमारे ९५ टक्के परत शोषली जातात आणि रक्तावाटे यकृताकडे माघारी येतात. शरीरातला एकूण साठा जेमतेम दोन ते चार ग्रॅम, पण तोच दिवसातून सहा-दहा वेळा फिरतो. शौचावाटे रोज जातं ते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. यकृताला फक्त तेवढीच तूट भरून काढायची असते, त्यामुळे कोलेस्टेरॉलही तेवढंच खर्ची पडतं.

हा फेराच तोडला तर? कोलेस्टिरामाइन नेमकं तेच करतं. थर्माकोल ज्या पॉलिस्टायरीनपासून बनतो, त्याच जातीची ही राळ आहे. तिच्या लांब साखळ्यांवर धन विद्युतभार असलेले गट असतात आणि प्रत्येक गटाने एक क्लोराइड धरून ठेवलेलं असतं. पित्ताम्लांवर ऋण भार असतो. आतड्यात भेट झाली की राळ क्लोराइड सोडते आणि पित्ताम्लाला पकडते. कराडच्या फार्मसी कॉलेजात आमच्या प्रयोगशाळेतलं पाणी क्षारमुक्त करायला काचेच्या उभ्या नळीत पिवळसर मणी भरलेले असत. तेही आयन-बदल करणारी राळच. पाणी शुद्ध करणाऱ्या वस्तूच्या कुळातली पावडर माणसाच्या पोटात घालण्याची कल्पना १९६० च्या आसपास अमेरिकेत पुढे आली. काविळीत पित्त अडल्यामुळे अंगाला जीवघेणी खाज सुटते, त्यावर ती सुरुवातीलाच दिली गेली आणि आजही दिली जाते.

पकडलेली पित्ताम्लं राळेबरोबर बाहेर गेली की यकृताला तूट जाणवते. नवी पित्ताम्लं करायला कोलेस्टेरॉल हवं. जवळचं संपत आलं की यकृतपेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएलचे, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात त्या कोलेस्टेरॉलचे, ग्राहक (रिसेप्टर) वाढवतात आणि रक्तातून जाणारं एलडीएल आत ओढून घेतात. हे ग्राहक शोधून काढले डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या जोडीने, आणि त्यासाठी १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचा शोध सुरू झाला तो जन्मजात बेसुमार कोलेस्टेरॉल असलेल्या मुलांपासून. असल्या मुलांना शाळकरी वयातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, कारण त्यांच्या पेशींवर हे ग्राहकच नसतात किंवा असले तरी निकामी असतात. या जोडीच्या कामामुळे कोलेस्टिरामाइनचं कोडं उलगडलं: औषध राहतं आतड्यात, रक्त साफ करायचं काम करतं यकृत.

मिनेसोटातले शल्यविशारद हेन्री बुकवाल्ड यांनी हाच फेरा सुरीने तोडला होता. पित्ताम्लं परत शोषणारा आतड्याचा शेवटचा भाग वळसा घालून बाजूला काढायचा, असं ते ऑपरेशन. आधी एक झटका येऊन गेलेल्या ८३८ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. १९९० मध्ये निकाल आला तेव्हा पाच वर्षांनंतर ऑपरेशन झालेल्यांचं एलडीएल दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ३८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू व नवे झटकेही बरेच कमी होते. कोलेस्टेरॉलसाठी पोट फाडायची गरज आता कुणाला पडत नाही, पण तत्त्व खरं असल्याचा याहून ढळढळीत पुरावा मला माहीत नाही.

पावडरीकडे परत येतो. काही वर्षांपूर्वी शाळेतल्या आमच्या गणिताच्या बाई चिठ्ठी घेऊन दुकानात आल्या. मला त्या अजूनही "अरे" म्हणतात आणि मी काउंटरच्या या बाजूला असलो तरी उभा राहतो. त्यांचं एलडीएल १८६ होतं. कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, स्टॅटिन, सुरू केली की मांड्या भरून यायच्या, जिना चढवेना. डॉक्टरांनी गोळी बदलून बघितली, डोस उतरवला, शेवटी स्टॅटिन बंद करून इझेटिमाइब ही दुसऱ्या जातीची गोळी दिली. एलडीएल १५२ वर आलं. पुढचा टप्पा म्हणून चिठ्ठीवर कोलेस्टिरामाइनची पुडी आली, ४ ग्रॅमची, आधी दिवसातून एक आणि सोसली तर दोन.

आमच्याकडे ती नव्हती. स्टॉकिस्टकडेही नव्हती, पुण्याहून मागवली. बाईंनी पुडी हातात घेतली आणि विचारलं, "हे रक्तात जात नाही म्हणतोस, मग रक्तातलं कमी कसं होईल?" वर लिहिलं ते सगळं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे वजाबाकी आतड्यात आणि बाकी रक्तात." त्यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

खरं काम पुढेच होतं. ही राळ पित्ताम्लांशी एकनिष्ठ नाही. आतड्यात जे जे सापडेल, विशेषतः ऋण भाराचं, त्याला ती धरते. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, हृदयाचं डिगॉक्सिन, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या काही गोळ्या: यांतलं काहीही पावडरीच्या जोडीला घेतलं तर ते रक्तात पोचण्याआधीच अडकतं. म्हणून नियम असा की बाकीची औषधं पावडरीच्या निदान एक तास आधी किंवा नंतर चार ते सहा तासांनी घ्यायची. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थांबरोबर शोषली जातात, तीही दीर्घकाळात कमी पडू शकतात. फोलिक ॲसिडचंही तेच.

बाई थायरॉइडची गोळी घेत होत्या. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आम्ही वेळापत्रक केलं. साडेपाचला थायरॉइड, साध्या पाण्याबरोबर. साडेआठला नाश्ता, तेव्हाच बीपीची गोळी आणि इझेटिमाइब. पावडर दुपारी एकला, जेवायच्या तोंडावर. दुसरी पुडी सुरू झाली की ती रात्रीच्या जेवणाआधी, आणि तिच्यानंतर दुसरं काहीही नाही. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची मात्रा रविवारी नाश्त्याला. हा पुठ्ठा फ्रिजवर लागला. सर, म्हणजे बाईंचे यजमान, हृदयाची झडप बदललेली असल्याने वॉरफरिनवर आहेत. त्यांनी हौसेने "मीही चव बघतो" म्हटलं, तेव्हा सरांना तंबी देण्याची संधी मला आयुष्यात प्रथमच मिळाली.

चवीबद्दल खोटं बोलून उपयोग नाही. पावडर पाण्यात विरघळत नाही, बारीक वाळू ढवळल्यासारखी तरंगत राहते. कोरडी तर कधीच फाकू नये, घशात अडकते किंवा ठसका लागून श्वासात जाते. अर्धा-पाऊण पेला पातळ पदार्थात टाकून एक-दोन मिनिटं भिजू द्यायची, ढवळायची आणि प्यायची. तळाशी राहिलेलं पुन्हा थोडं पाणी घालून घ्यायचं. तोंडात घोळवत बसू नये, दातांना बरं नाही. बाईंनी आधी पाण्यातून घेऊन बघितली, मग संत्र्याच्या रसातून, आणि शेवटी ताकावर स्थिरावल्या. पहिले दोन आठवडे पोट फुगलं, बद्धकोष्ठ झालं. बद्धकोष्ठ ही या पावडरीची ठरलेली तक्रार आहे. पाणी वाढवलं, भाकरी-पालेभाजी वाढवली, डॉक्टरांना विचारून इसबगोल सुरू केलं, आणि मगच दुसरी पुडी.

इसबगोलावर थोडं थांबतो, कारण ते आमच्याच देशातलं आहे. गुजरातेत उंझा आणि सिद्धपूर इथे त्याचा मोठा बाजार आहे, जगभरात जाणाऱ्या इसबगोलाचा मोठा वाटा भारतातून जातो. लोक त्याला पोट साफ करण्यापुरतंच ओळखतात. पण पाण्यात फुगून होणारा त्याचा बुळबुळीत गर आतड्यात थोडीफार पित्ताम्लं अडकवतो आणि बाहेर नेतो. रोज नियमाने घेतलं तर एलडीएल पाच-दहा टक्के उतरू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये इसबगोलाच्या पदार्थांवर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दलचा मजकूर छापायला परवानगी दिली. कोलेस्टिरामाइनचा भाऊ कोलेस्टिपॉल. त्याचा डोस निम्मा करून जोडीला तेवढंच इसबगोल दिलं तर परिणाम पूर्ण डोसाइतकाच मिळतो, असं १९९५ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं होतं. म्हणून इसबगोल हे औषधाला पर्याय आहे असं कुणी समजू नये. एलडीएल १९० असलेल्या माणसाचं पाच-दहा टक्क्यांनी भागत नाही.

दीड-दोन महिन्यांनी बाईंचा रिपोर्ट आला: एलडीएल १२९. त्याच कागदावर ट्रायग्लिसराइड १२८ वरून १६१ वर गेलेलं. बाईंनी आधी तेच बोट ठेवून दाखवलं. हे अपेक्षितच असतं. पित्ताम्लं कमी झाली की यकृत ट्रायग्लिसराइड भरलेले कण जास्त सोडू लागतं. म्हणून ट्रायग्लिसराइड मुळातच फार जास्त असलेल्याला ही पावडर देत नाहीत, नाहीतर आगीतून फुफाट्यात. आपल्याकडे ती मागे राहण्याचं हे एक मोठं कारण असावं असं मला वाटतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगडमधल्या दोन हजारांवर लोकांचं रक्त तपासलं होतं. २०१४ मध्ये ते आकडे छापून आले. एलडीएल जास्त असलेले ११.८ टक्के, ट्रायग्लिसराइड जास्त असलेले २९.५ टक्के, आणि चांगलं म्हणतात ते एचडीएल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के. आपला रोग या पावडरीच्या बेताचा नाही.

मग तिचं एवढं कौतुक कशाला? कारण 'रक्तातलं कोलेस्टेरॉल औषधाने उतरवलं तर झटके कमी होतात' हे आज आपण गृहीत धरतो, ते पहिल्यांदा ठामपणे दाखवलं या पावडरीनेच. अमेरिका आणि कॅनडातल्या बारा केंद्रांवर १९७३ पासून सुमारे ४,८०,००० पुरुषांची तपासणी करून त्यांतले ३,८०६ निवडले गेले. वय ३५ ते ५९, कोलेस्टेरॉल जास्त, पण अजून झटका आलेला नाही असे. निम्म्यांना रोज २४ ग्रॅम कोलेस्टिरामाइन, म्हणजे सहा पुड्या. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या सहा पुड्या. सरासरी ७.४ वर्षं. सात वर्षं रोज सहा पुड्या वाळू ढवळून पिणाऱ्या त्या माणसांना माझा दंडवत. त्यातही निम्म्यांच्या पेल्यात औषधच नव्हतं! पहिल्या वर्षी औषधाच्या गटातल्या ६८ टक्क्यांनी पोटाची तक्रार केली आणि खोट्या पावडरीच्या गटातल्याही ४३ टक्क्यांनी. सातव्या वर्षापर्यंत हे आकडे २९ आणि २६ वर आले. पोट सरावतं, निदान टिकून राहणाऱ्यांचं.

निकाल जानेवारी १९८४ मध्ये आला. हृदयविकाराचा मृत्यू किंवा झटका यांचं प्रमाण औषधाच्या गटात १९ टक्क्यांनी कमी. बाईंना मी हे फुशारकीने सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "किती होते आणि किती झाले?" सात वर्षांत खोट्या पावडरीच्या गटात शंभरातल्या ८.६ जणांना, औषधाच्या गटात ७ जणांना. "म्हणजे शंभरात दीड-एक माणूस वाचला, तोही सात वर्षांत. मग एकोणीस टक्के असं सांगताना तू आवाज का चढवलास?" शाळेत त्यांच्या तासाला उत्तर चुकलं की वाटायचं तसंच वाटलं. टीकाकारांनीही तेव्हा हेच म्हटलं होतं. शिवाय एकूण मृत्यू दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते, ६८ आणि ७१. औषधाच्या गटात अपघाती आणि हिंसक मृत्यू जास्त झाले होते, आणि त्यांचा पावडरीशी काही संबंध लावता येत नव्हता. दुसरी बाजूही आहे. पूर्ण डोस नेमाने घेऊन ज्यांचं एलडीएल ३५ टक्क्यांनी उतरलं, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण निम्म्यावर आलं असा हिशोब त्याच अहवालात होता. सरासरी खाली राहिली ती पुड्या कपाटातच ठेवणाऱ्यांमुळे. दुकानदार म्हणून या आकड्यावर माझा पटकन विश्वास बसतो.

त्यानंतर एक गंमत झाली. मार्च १९८४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर बशीत दोन तळलेली अंडी डोळ्यांसारखी मांडली आणि खाली बेकनचं दुर्मुखलेलं तोंड काढलं. लोक अंड्यांकडे संशयाने बघू लागले. पण चाचणीत अंडी नव्हतीच! दोन्ही गटांचा आहार एकसारखाच ठेवला होता, फरक फक्त पावडरीचा. औषधाच्या निकालावरून ताटाला शिक्षा झाली, आणि तिचे पडसाद आमच्या गावातल्या डब्यांपर्यंत आले.

पावडरीचं राज्य फार टिकलं नाही. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी बुरशीतून काढलेल्या द्रव्याने स्टॅटिनचा रस्ता उघडला होता आणि १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला मंजुरी मिळाली. सहा पुड्यांच्या जागी एक गोळी. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत स्टॅटिनने एकूण मृत्यूच ३० टक्क्यांनी कमी झाले, आणि १९८४ चा तो अडलेला प्रश्नही सुटला. खरं तर ही दोन औषधं एकमेकांची वैरी नाहीत. पावडरीने यकृताला तूट पाडली की ते दोन गोष्टी करतं: रक्तातून कोलेस्टेरॉल ओढतं आणि घरच्या घरी नवीनही बनवतं. दुसऱ्यामुळे पावडरीचा परिणाम तोकडा पडतो. स्टॅटिन नेमकं ते बनवणंच रोखतं. कानाझावाच्या डॉक्टरांनी १९८३ मध्येच जन्मजात कोलेस्टेरॉलच्या रुग्णांना एंडोंचं द्रव्य आणि कोलेस्टिरामाइन एकत्र देऊन हे दाखवलं होतं.

या घराण्यातलं सर्वांत नवं कोलेसेव्हेलाम, २००० साली आलं. ते गोळीत मिळतं, पोटाला कमी त्रास देतं, दुसऱ्या औषधांनाही कमी अडवतं. अडचण एवढीच की गोळी भलीमोठी आणि रोज सहा. २००८ मध्ये टाइप २ मधुमेहात साखर उतरवण्यासाठीही त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

रक्तात न जाण्याचा गुण काही ठिकाणी अजून कामाला येतो. जन्मजात कोलेस्टेरॉल असलेल्या मुलीला दिवस राहिले की स्टॅटिन बहुधा थांबवतात. तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जीवनसत्त्वांकडे लक्ष ठेवून, ही पावडर देता येते, कारण ती बाळापर्यंत पोचतच नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या होपवेल गावी कीटकनाशकाच्या कारखान्यातले कामगार १९७५ मध्ये विषबाधेने थरथरू लागले. ते विष पित्तावाटे आतड्यात येऊन पुन्हा शोषलं जात होतं. त्यांना कोलेस्टिरामाइन दिलं तेव्हा विष अंगातून निम्मं व्हायला लागणारा वेळच जवळपास निम्म्यावर आला. संधिवाताचं लेफ्लुनोमाइड शरीरातून लवकर धुऊन काढायलाही हीच पावडर देतात.

आणि आज आमच्याकडे पुडीची चिठ्ठी येते ती बहुतेक वेळा कोलेस्टेरॉलसाठी नसतेच. पित्ताशय काढल्यानंतर काही जणांना पित्ताम्लं मोठ्या आतड्यात जास्त उतरून पातळ जुलाब होत राहतात. जेवलं की धावायला लागतं. त्यांना बद्धकोष्ठ करणारी ही पावडर म्हणजे हवं तेच. मागच्या महिन्यात असाच एक तरुण, एसटीत कंडक्टर, चिठ्ठी घेऊन आला. मार्गावर बस असताना त्याची काय अवस्था होत असेल ते सांगायला नको. मुलाने पुडी काढून दिली. मी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?" तो म्हणाला, थायरॉइडची गोळी, सकाळची. मी पुठ्ठा फाडायला घेतला.